बारावी खुर्ची

चर्च कमिटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी माझ्या आईला भर चर्चमध्ये खुर्चीवरून उठवलं. हात लावला नाही. नुसतं बोट हलवलं, ऊठ म्हणून. अल्ताराच्या वेदीपुढं बारा खुर्च्या मांडलेल्या, आई बाराव्या खुर्चीवर, आणि ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारची प्रार्थना सुरू व्हायला पाच मिनिटं होती.

तिच्याशी ते बोललेही नाहीत. मला म्हणाले, "बाईले मागं बसव. टाचेच्या एवढ्या भेगा मोबाईलवर बऱ्या नाई दिसत."

त्या दिवशी फादर बारा माणसांचे पाय धुतात. येशूनं शिष्यांचे धुतले म्हणून. देवळी गावाजवळच्या त्या चर्चमध्ये मी अकरा वर्षं झाडू मारते, आवारातल्याच खोलीत आईला घेऊन राहते. आणि अकरा वर्षं एक काम माझंच. दुपारी त्या बाराजणांना मागच्या नळावर बसवायचं, साबण लावून त्यांचे पाय आधीच स्वच्छ करून ठेवायचे. फादरांच्या घंगाळातलं पाणी गढूळ होऊ नये ना. मला यात कधी वावगं वाटलं नाही. सांगायला लाज वाटते, पण नाही वाटलं.

यंदा फादर सेवक-नेतृत्वाचं, म्हणजे पुढाऱ्यानं सेवक कसं व्हावं याचं, शिबिर करून आले. भिंतीवर बॅनर लागला. सगळं मोबाईलवर थेट दाखवायचं ठरलं. बारांत एखादी मजूर बाई हवी, म्हणून आईचं नाव आलं. आई आठवडाभर टाचांना खोबरेल तेल चोळत होती. जन्म शेतातलं तण निंदण्यात गेला तिचा, काळी माती भेगांत पार रुतलेली. दुपारी नळावर मी विटेचा तुकडा घेतला आणि घासत सुटले. रक्त आलं तरी घासतच होते, माती काही निघाली नाही. आईनं एकदाही पाय मागं घेतला नाही.

आणि आता ती मुकाट उठली. वर साहेबांना हात जोडले. तिच्या जागी कमिटीतल्या एकाची बायको येऊन बसली.

"जाऊ दे वं," आई मला म्हणाली. "मले मागून बी दिसते."

माझं डोकंच फिरलं. साहेबांवर नाही, आधी स्वतःवर. त्यांनी तिला आत्ता उठवलं. मी तर दुपारपासून तिला वीट घासून खुर्चीच्या लायकीची करत होते.

पाय धुवायची वेळ आली. फादरांनी वरचा झगा उतरवला, कमरेला टॉवेल बांधला. घंगाळ न्यायचं काम माझं. मी ते उचललं, खुर्च्यांना वळसा घातला आणि शेवटच्या बाकाशी आईच्या पायांपुढं ठेवलं. सगळ्यांच्या माना वळल्या. मोबाईलही वळला.

"फादर, धुवाचे पाय इथं हायेत. तिथले मी दुपारीच धुतले."

फादरांनी आईकडं पाहिलं. मग मोबाईलकडं. मी मनातल्या मनात भीक मागत होते, या हो, वीस पावलं तर आहेत. ते आले नाहीत. हळूच म्हणाले, "घंगाळ इकडे आण."

मी नाही आणलं. त्यांच्यासाठी दुसरं घंगाळ आलं.

दुसऱ्या दिवशी कमिटीचा निरोप आला. ईस्टर झाला की खोली रिकामी करा, कामावर येऊ नका. आई सारखी विचारते, कुठं जायचं. मला माहीत नाही. कुणाच्या दारात उभं राहावं सुचत नाही. तिच्या टाचेची जखम अजून भरलेली नाही. ती मी केलेली आहे.

पण चर्च मी सोडणार नाही. पुढच्या पवित्र गुरुवारी आईला घेऊन येईन. तेल नाही, साबण नाही, पायांना वावरातली माती तशीच. आणि बाराव्या खुर्चीवर बसवीन. मग बोट हलवून भागणार नाही. उठवायचंच असेल तर सगळ्यांदेखत तिला हात लावून उठवावं लागेल.