मुलाखतीतलं कालवण

कुटुंब समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात ‘गुणात्मक संशोधन’ हा विषय आला, तेव्हा मला हायसं वाटलं. आकडेमोड नाही. माणसांना विचारायचं, ती सांगतात ते ऐकायचं आणि त्यातून ते घर समजून घ्यायचं. तालुक्याच्या आमच्या गावी फोन करून हे सांगितलं, तर गवंडीकाम करणारे माझे अप्पा म्हणाले, “म्हंजे लोकांच्या घरी जाऊन गप्पा मारायच्या? याचीबी डिग्री असती?”

“असती, अप्पा.”

“मंग तुझ्या मावशीला कवाच मिळायला पाहिजे होती.”

अट एकच होती. सरावाची मुलाखत आमच्या मॅडमनी मान्य केली, तरच समुपदेशन केंद्रात अनुभवी समुपदेशकांच्या शेजारी बसून खरी कुटुंबं ऐकायला मिळणार होती. नाहीतर पुढच्या सत्रापर्यंत थांबा. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. केंद्रातल्या त्या खुर्चीची मी फार वाट पाहत होते.

मी भाईंदर पूर्वेला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होते. स्टेशन ओलांडून पश्चिमेला बस धरली आणि समुद्राकाठच्या पाली गावाला गेले. तिथलं एक कोळी कुटुंब ओळखीतून मुलाखतीला तयार झालं होतं. सासू-सासरे, मुलगा आणि सून. मुलाने वडिलांची बोट सोडून शहरात नोकरी धरली होती. असा बदल घर कसा स्वीकारतं, हा माझा विषय. (त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.) मुलगा कामावर गेला होता. बाकी सगळ्यांनी रेकॉर्डिंगला आनंदाने होकार दिला. फक्त आवाजच येणार असं सुनेने दोनदा सांगूनही सासूबाई नवी साडी नेसून बसल्या होत्या.

मी सुनेला विचारलं, “त्यांनी नोकरी धरली तेव्हा घरात काय बोलणं झालं?”

सून तोंड उघडणार, तोच सासूबाई म्हणाल्या, “पोरी, कोळंबीचं कालवण खाशील ना? ताजं हाय.”

दुपारभर हेच चाललं. पोट भरून परत आले आणि मुलाखत लिहायला बसले. शाळेत आम्हाला मुद्देसूद उत्तरं लिहायची सवय लावलेली. त्या सवयीने मी कालवण, चहा, तळलेले बोंबील सगळं गाळलं. ‘न्हाय’चं ‘नाही’ही करून टाकलं. कागद कसे स्वच्छ दिसत होते!

मॅडमनी दोन पानं वाचली. “छान. ही माणसं राहतात कुठे? निबंधात?”

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले.

“मधलं काय गाळलंस?”

“काही नाही, मॅडम. खाण्यापिण्याचं बोलणं होतं.”

“तेच आण. सोमवारी.”

कानात इयरफोन घालून मी सगळं पुन्हा ऐकलं, थांबवत थांबवत. खोलीतली मैत्रीण म्हणाली, “एकटीच काय हसतेयस गं? कोण आहे?”

“एक सासूबाई आहेत,” मी म्हणाले.

हसता हसता माझ्या लक्षात आलं, की सासूबाई वाटेल तेव्हा खायला विचारत नव्हत्या. पाण्याचा, शेजाऱ्यांचा, नातेवाइकांचा विषय असला की त्या मजेत बोलत होत्या. मुलाच्या नोकरीशी बोलणं आलं, की कालवण यायचं. बोटीशी आलं, की बोंबील. मी जे गाळलं होतं, त्यातच माझा विषय होता.

आपल्याला काय समजलं ते त्या माणसांनाच सांगून बघावं, असं मॅडमनी शिकवलं होतं. म्हणून रविवारी पुन्हा पालीला गेले आणि भीतभीत सांगितलं. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग सून खोखो हसली. “आई, मी सांगते ना तुम्हाला! तुमच्या लेकाशी भांडण झालं तरी तुम्ही ताटच वाढता!”

“मग काय रडत बसू?” सासूबाई म्हणाल्या, आणि सवयीने उठल्या.

“बघा, चालल्या!” सून म्हणाली.

इतका वेळ दाराशी बसलेले सासरे पहिल्यांदाच बोलले. “बस गो. पोरीला भूक न्हाय.”

त्या बसल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, “पोराचं बरं झालं, मना म्हायती हाय. पण बोटीवरना तो हाक मारायचा ना, ती आता येत न्हाय.”

पुढचं सगळं रेकॉर्डिंगमध्ये आहे आणि ते त्यांचं आहे. त्यानंतर आम्ही सगळे जेवलो. मुलाखत या वेळी जशीच्या तशी लिहिली, कालवणासकट. सोमवारी मॅडमनी ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, “गुरुवारपासून केंद्रात ये.”

मी जिन्यातच उभी राहून अप्पांना फोन लावला. बातमी सांगितली.  पलीकडून आवाज आला, “जेवलीस का?”

एरवी मी ‘हो’ म्हणून फोन ठेवला असता. या वेळी नुसती थांबून राहिले.

बऱ्याच वेळाने अप्पा म्हणाले, “तिथं तुला बसायला खुर्ची देतात ना, बाई?”

“देतात, अप्पा.”

“मंग नीट बस,” ते म्हणाले.