नानांच्या बाथरूमची भिंत

टाइल्सच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात, तुटका माल आणि किस्से. तुटका माल निदान गच्चीवर चायना मोझेक करायला कुणीतरी उचलून नेतो. किस्से कोण नेणार? माझ्या छाणी भागातल्या दुकानात हल्ली जे साठलेत, त्यातले निम्मे एकट्या नानांचे. नाना म्हणजे आमचे शेजारी. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेले. उभा जन्म सरळ रेघा मारण्यात गेला.

*

त्यांच्या बाथरूमला टाइल्स माझ्याच. वर्षभर काही तक्रार नाही. मग एक दिवस तणतणत आले. "शेठ, तुझी भिंत वाकडी झाली! मधोमध पोट सुटलंय!"

मी आमच्या भिखाभाई गवंड्याला पाठवलं. त्यानं दोरी धरली, लेव्हल लावली. "सीधी छे." नाना परत आले. भिखाभाई परत गेला. तिसऱ्या खेपेला मीही गेलो.

रेघ तपासताना नाना डावा डोळा मिटतात, नोकरीतली सवय. "हे बघ, वाकडी!"

भिखाभाई गुजरातीत वैतागला. "काका, हवे बीजी आंख बंद करो."

नानांनी दुसरा, उजवा मिटला. भिंत सरळ! पुन्हा डावा मिटला. वाकडी!

भिखाभाईनं शांतपणे दोरी गुंडाळली. "काका, टाइल बराबर छे. आंख रिपेर करावो!"

*

अलकापुरीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. नाना बसल्या बसल्या म्हणाले, "मोतीबिंदू असणार. काढा आणि मोकळं करा."

"मोतीबिंदू नाही, नाना. पडद्याचा अगदी मधला भाग असतो ना, मॅक्युला, तो वयानं खराब होतोय. डाव्यात कोरडा प्रकार आहे, सुरुवातीचा. उजव्यात ओला. पडद्यामागे नको त्या नव्या रक्तवाहिन्या वाढल्यात आणि त्या गळताहेत. त्यासाठी डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा."

नाना माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, "नाना, टाइलमागे पाइप गळला की टाइल फुगते. वरून व्हाइट सिमेंट भरून काय होणार? आधी लीकेज बंद करायला हवं."

डॉक्टर हसले. "शेठ, उद्यापासून इथेच बसा!"

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. उजव्याचं जे गेलं ते सगळं परत येईलच असं नाही, पण राहिलंय ते राखता येतं. डाव्यावर मात्र पहारा ठेवायचा, कारण कोरड्याचा ओला कधीही होऊ शकतो. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं झाकून घेतो, म्हणून रोज एकेक मिटून बघायचं. त्यासाठी चौकटींचा एक कागद दिला, फ्रिजवर चिकटवायला.

नानांनी तो परत केला. "माझ्याकडे अख्खी भिंत आहे!"

"चालेल. पण चष्मा लावून, चांगल्या उजेडात. आणि डाव्याला रेघ वाकडी दिसली की त्याच दिवशी फोन."

*

पहिल्या इंजेक्शनला नाना देवाला नमस्कार करून, बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, बँकेची कागदपत्रं दाखवून निघाले. थेंब घालून डोळा बधिर केला, आत नेलं, आणि थोड्याच वेळात बाहेर.

"झालं?" मी विचारलं.

"झालं म्हणतात. दाढीला जास्त वेळ लागतो रे!" मग हळूच, "वहिनीला सांगू नकोस. चार दिवस तरी सेवा होऊ दे."

*

सिगारेट मात्र सुटेना. डॉक्टरांनी सांगितलं, डाव्याला तीच जास्त नडेल. वहिनी रडल्या, मी भांडलो, काही नाही. शेवटी मी पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, जाऊन सगळी हकिगत सांगितली. दुसऱ्या दिवशी नानांनी सिगारेट मागितली तर गल्लेवाल्यानं हातावर बडीशेप ठेवली.

नाना भडकले. "पैसे देतोय ना मी?"

"काका, तमे मने ओळखता रहो, एटले बस!"

म्हणजे मला ओळखत राहा, तेवढं पुरे. त्यानंतर नानांनी सिगारेट मागितली नाही.

*

घरी रोज सकाळी कार्यक्रम ठरलेला. नाना बाथरूममधून ओरडणार, "उजवा तसाच! डावा सरळ!" मग वहिनी चहाचं आधण ठेवणार.

नातीच्या लग्नाला आठवडा राहिला होता. सकाळी नाना आत गेले आणि लगेच आवाज आला, "उजवा तसाच! डावा सरळ!"

वहिनींनी आधण ठेवलं नाही. बाथरूमचं बटण बाहेरच्या भिंतीवर आहे. त्या बटणाकडे बघत राहिल्या. नाना बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अहो, दिवा न लावताच सरळ?"

मग खरं काय ते बाहेर पडलं. चार दिवस डावी रेघही वाकत होती. लग्नात विघ्न नको म्हणून भिंतीकडे बघायचंच बंद केलं होतं!

वहिनींचा मला फोन, "भाऊजी, गाडी काढा." पदराला कणीक तशीच घेऊन त्या गाडीत बसल्या.

डॉक्टरांनी स्कॅन बघितला. "गळायला लागलंय, पण थोडंच आहे. अजून महिनाभर असेच गप्प बसला असतात, तर नातीच्या फोटोत काय आहे ते दुसऱ्याकडून ऐकावं लागलं असतं."

डाव्याला इंजेक्शन त्याच दिवशी झालं. उजव्याचं ठरल्या तारखेलाच घ्यायचं होतं.

*

लग्नात नानांचा डावा डोळा लालभडक. डॉक्टर म्हणाले होते, दुखलं किंवा कमी दिसायला लागलं तर धावत या, नुसता लाल डाग आपोआप जाईल. फक्त होमाच्या धुरापासून लांब राहा. म्हणून नाना मांडवाच्या कडेला एकटेच खुर्ची टाकून बसले, रुमालानं डोळा टिपत.

वरपक्षाकडे कुजबुज झाली. आजोबांना विरह सहन होत नाही! वराची आई तर गहिवरलीच. जवळ येऊन बसली, नीट बघितलं आणि जरा गोंधळली.

"नाना, एकाच डोळ्यानं रडताय?"

नाना म्हणाले, "दुसऱ्याची तारीख पुढच्या मंगळवारी आहे!"