शालूताईचं हलतं निशाण

फोन आला तेव्हा मी कर्जतला चष्म्याच्या दुकानात होते. नवा चष्मा डोळ्यांवर होता आणि दुकानदार विचारत होता, "रस्त्यापलीकडची पाटी वाचता येते का?" मी वाचायला लागले आणि तेवढ्यात माझ्या नवऱ्याचा, विलासचा फोन आला. "सुमन, ताई गेली," एवढंच बोलला. शालूताई म्हणजे त्याची थोरली बहीण, माझी नणंद. बरीच वर्षं आजारी होती, आठवडाभर छाती कफानं भरलेली होती, डॉक्टरांनी आम्हाला कल्पना दिली होती. तरी मी चष्म्याला गेले, कारण आदल्या दिवशी तिनंच मला पिटाळलं होतं. धाप लागलेली असताना म्हणाली, "जुन्या चष्म्यानं नेम धरतेस नि माज्या निशाणाला नावं ठेवतेस. जा, आन जा नवा." मी गेले... आणि ती गेली.

गावाकडे येणाऱ्या सहा आसनी रिक्षात मला बसवेना. दर थांब्यावर मी खाली उतरत होते, कुणाला तरी जागा देत होते, पुन्हा चढत होते. शेवटी रिक्षावाला म्हणाला, "वहिनी, बसा ना एका जागी." तेव्हापासून आज इतके आठवडे झाले, मी काही एका जागी बसलेली नाही. भांडी घासलेली पुन्हा घासते. परसात जाते, फणसाखाली उभी राहते, परत येते. हे लिहायलाही चार वेळा बसले आणि चार वेळा उठले.

मी घाटावरची. लग्न होऊन खाली खालापूर तालुक्यात आले, त्याच्या दुसऱ्या सकाळी परसातून 'टक्' असा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा टक्. दार उघडून बघते तर गाऊन घातलेली माझी नणंद खांद्याला एअरगन लावून उभी. समोर वाळवणाच्या दोरीवर चिमट्यांत अडकवलेली बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं, त्यांच्यामागं मातीचा उंच बांध. त्याच दोरीवर मी आदल्या संध्याकाळी माझी नवी साडी वाळत घातली होती. ती तिनं काढून, नीट घडी करून पायरीवर ठेवली होती. मला बघून म्हणाली, "झाकान उडालं पायजे नि चिमटा हलता कामा नये. बघ." टक्. झाकण गेलं. चिमटा तसाच. मी सासरी आले होते की कुठं, हे मला कळेना.

तेव्हा ती खालापूरला सरकारी कचेरीत कारकून होती. कॉलेजात असताना कुठल्या शिबिरात बंदूक हातात धरली आणि तिथंच जीव जडला. पहिल्या पगारात मुली कानातलं करतात, हिनं एअरगन आणली. लग्न केलं नाही. का नाही, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. तिच्या पायाला भिंगरी होती. जेवायची उभ्यानं, टीव्ही बघायची येरझाऱ्या घालत, बोलता बोलता समोरच्याची वस्तू उचलून दुसरीकडं ठेवायची. पण बंदूक खांद्याला टेकली की तीच बाई अशी थांबायची की गाऊनची चुणीसुद्धा हलत नसे. छर्रा सुटला की पुन्हा भिंगरी.

कागदावर छापलेली वर्तुळं तिला मुळीच आवडत नसत. "कागदाला काय कळतंय, लागलं का नाय ते?" असं म्हणायची. निशाणानं उत्तर दिलं पाहिजे, फुटलं पाहिजे, पडलं पाहिजे, सांडलं पाहिजे. त्यामुळं आमच्या घरात कुठलीच वस्तू निर्धास्त नव्हती. झाडाचा पेरू दोऱ्यानं टांगायची आणि खाली टोपली ठेवायची. पेरूला छर्रा लागला तर हार. दोरा तुटून पेरू टोपलीत पडला तर तो मारणाऱ्यानं खायचा. खाचरातल्या चिखलाचे लिंबाएवढे गोळे करून गच्चीवर वाळवायची, नेम लागला की गोळ्याचा धूर व्हायचा. संध्याकाळी बांधावर उदबत्ती खोचून तिचं नुसतं पेटलेलं टोक उडवायची. आणि सगळ्यात अवघड म्हणजे बर्फ. वाटीत पाणी, त्यात जास्वंदीचं फूल आणि दोरा घालून गोठवायचं आणि उन्हात टांगायचं. फूल सुटून खाली पडेपर्यंत मारायचं, पण फुलाला धक्का लावायचा नाही. उशीर केला की बर्फ वितळून निशाण लहान होत जायचं, घाई केली तर नेम चुकायचा. आमचे शेजारी जनूभाऊ, खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, दर रविवारी हटकून यायचे आणि या बर्फापुढं हरून चिडायचे. "ह्यो काय खेळ हाय? ह्यो तर छळ हाय!" पुढच्या रविवारी सगळ्यांत आधी हजर.

नियम मात्र कडक. डोळ्यांवर जाड चष्मा घातल्याशिवाय कुणी जवळ फिरकायचं नाही, बंदूकवाल्याच्या पुढं जायचं नाही, काच नाही, दगड नाही, लोखंड नाही, मागं मातीच पाहिजे. जिवाला हात नाही. एकदा पलीकडच्या फार्महाऊसवर आलेल्या पाहुण्यानं हौसेनं बंदूक मागितली आणि फणसावरच्या पाखराकडं रोखली. तिनं त्याच्या हातातून ती शांतपणे काढून घेतली. "पाखरू काय तुमाला खेळाय बोलवाय आलं होतं?" तो पाहुणा पुन्हा दिसला नाही.

निवृत्तीनंतर वर्षभरातच तिच्या हातातली कपबशी वाजायला लागली. आधी आम्हाला वाटलं, साखर वाढली असेल. पनवेलच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, कंपवात. घरी येताना गाडीत ती उजवा हात डाव्यानं दाबून बसली होती आणि खिडकीतून घाटाकडं बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी टक्, टक्. फक्त झाकणं उडत नव्हती.

एका रविवारी तिचा छर्रा बांधाच्या वरून गेला. पलीकडं रिकामं शेत होतं, कुणी नव्हतं. पण विलासनं ते पाहिलं.

"ताई, बास. आता बंदूक बंद."

"तू कोन ठरवनार, इलास?"

"पलीकडं कोन असतं तर?"

मागं मातीच पाहिजे, हा नियम तिचाच होता. बराच वेळ बंदुकीच्या दस्त्यावर बोटं आपटत राहिली... आपटत होती की आपटली जात होती, कोण जाणे. मग म्हणाली, "तू लाव निशाण. तुज्या मनानं. खाली लाव, बांधाच्या पायाशी. एकच छर्रा. लागला तर माजं ऐकायचं. नाय लागला तर टाक माळ्यावर."

विलास घरात गेला आणि भात पाखडायचं सूप घेऊन आला. ते त्यानं बांधाला टेकवलं आणि ताईला उभं राहायची जागा दाखवली, तीही नेहमीच्या निम्म्या अंतरावर. ताई बघत राहिली.

"हे सूप हाय."

"मग?"

"मी आंधळी झाले का रं? दया करतोस माज्यावर?" बंदूक पायरीवर ठेवून ती आत गेली. दोन दिवस भावाशी बोलली नाही, जेवणाचं ताट त्यानं वाढलं तर त्याला शिवली नाही.

तिसऱ्या दिवशी विलास कामावर गेला नाही. सकाळपासून घरभर फिरत होता, डबे उघडत होता, बंद करत होता. शेवटी त्यानं अंगातल्या सदऱ्याचं बटण तोडलं, दोऱ्यात ओवलं आणि बांधासमोर नेहमीच्या अंतरावर टांगलं. ताईला हाक मारली. तिनं बटण बघितलं आणि तिचा चेहरा असा खुलला की कित्येक दिवसांत मी तसा पाहिला नव्हता. "आता कसं माणसासारखं वागलास!" म्हणाली. उभी राहिली, खांद्याला दस्ता लावला. बंदुकीची नळी हलत होती, मला तिथं उभं राहवत नव्हतं आणि जाववतही नव्हतं. विलास जमिनीकडं बघत होता. टक्. बटणाच्या बोटभर डावीकडं माती उडाली.

तिनं नळी खाली वाकवून आत छर्रा नसल्याची खात्री केली, बंदूक भावाच्या हातात दिली आणि म्हणाली, "हरले. उचल." त्यानं ती माळ्यावर ठेवली. संध्याकाळी बघते तर तो अंधारलेल्या पडवीत सुईदोरा घेऊन ते बटण परत लावायचा प्रयत्न करत होता. त्याला ते येत नव्हतं. मी मागितलं तर देईनासुद्धा.

पुढचे दिवस फार वाईट गेले. ताईनं आधी कपाटं आवरली, मग आवरलेली विस्कटली. मला स्वयंपाकघरात शिरू देईना आणि स्वतःला चमचा धरता येईना. एकदा डाळीचं पातेलं तिच्या हातून गेलं. ती त्या सांडलेल्या डाळीभोवती गोल गोल चालत राहिली, म्हणत राहिली, "काय करू गं मी दिवसभर? सांग ना, काय करू?" मी फरशी पुसली, हात धुतले, शिडी लावली आणि माळ्यावरची बंदूक काढली. मला तोवर नेमाची कधी हौस नव्हती. पण त्या घरात कुणालाच बसवत नव्हतं.

"ताई, तुम्ही निशाण लावा. मी मारते."

"तू? तुला सुईत दोरा ओवता येत नाय!"

"मग शिकवा."

तिनं दिलेला शब्द पाळला, बंदुकीला पुन्हा हात लावला नाही. माझ्या मागं उभी राहून बोलायची. "श्वास सोड. अर्धा. आता थांब. चाप ओढू नको गं, नुसता दाबत ऱ्हा... तो सुटंल तवा सुटंल." हे सोपं होतं. अवघड होतं ते त्याच्या आधीचं, निशाण बांधतानाचं. एका गाठीला तिला अर्धी सकाळ लागायची. दोरा बोटांतून निसटायचा, ती उचलायची, पुन्हा निसटायचा. माझा हात पुढं गेला की डोळे वटारायची. "बस तिथं. तुजं काम मारायचं." मी बसायचे. मांडीखाली हात दाबून बसायचे. इतकं अवघड मला दुसरं काही वाटलं नाही.

मग एक दिवस तिनं नायलॉनची लांब दोरी मागवली. जनूभाऊंनी ती फणसाच्या फांदीवरून टाकली. बांधासमोरच्या टोकाला दिवाळीतली उरलेली पणती बांधली आणि दुसरं टोक थेट मागं, माझ्या पाठीशी ठेवलेल्या खुर्चीपर्यंत आणलं. खुर्चीत ताई बसली, दोरीचं टोक उजव्या हातात धरलं. पणती नाचायला लागली.

"हात दिवसभर फुकट हलतोय," ती म्हणाली. "म्हटलं, जरा कामाला लावावा."

जनूभाऊ असे हसले की त्यांना ठसका लागला. त्या पणतीनं आम्हा दोघांना महिनाभर रडवलं. ती कशी हलेल याचा नेमच नाही. क्षणभर थांबायची, वाटायचं आता सापडली, की लगेच उसळायची. ताईचं दुखणं मला त्या दोरीच्या टोकाला दिसायचं. औषधाची गोळी घेतली की तासाभरात पणती निवायची. हे लक्षात आल्यावर तिनं रविवारची गोळी खेळ होईपर्यंत लांबवायला सुरुवात केली. विलास ओरडला तर म्हणाली, "सोपं निशाण मला नाय चालत." तो कपाळाला हात लावून दारात बसायचा, पण दोरी सोड म्हणाला नाही.

"तिच्या मागं धावू नको," ती मला मागून सांगायची. "ती कुठं येते ते बघ. तिथं जाऊन थांब. येईल ती." एका सकाळी मी तशी थांबले. पणती गेली, आली, गेली... आणि आली. टक्. बांधावर खापऱ्या उडाल्या. मागं वळून बघते तर ताईच्या हातातून दोरी सुटलेली आणि ती टाळ्या वाजवायला बघत होती. हात हाताला सापडत नव्हते, एक इकडं जात होता, एक तिकडं. आणि ती त्यालाच हसत सुटली होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

असे तीन पावसाळे गेले. शेवटच्या वर्षी तिचं अंग आखडत गेलं. दोरी मनगटाला गुंडाळावी लागायची. मग खुर्ची परसात न्यायची बंद झाली, मग पलंग, मग ती छाती भरलेली... त्या आठवड्याबद्दल मला लिहायचं नाही.

विलासनं सगळं कोरड्या डोळ्यांनी केलं. दहावं, तेरावं, आल्यागेल्याचं चहापाणी, कागदपत्रं. माणसं म्हणायची, खंबीर आहे. मला त्याची भीती वाटत होती.

तेराव्यानंतरच्या रविवारी जनूभाऊ आले. डोळ्यांवर जाड चष्मा लावून परसाच्या दाराशी उभे राहिले, आत यावं की नाही कळेना. मी बंदूक बाहेर आणली. विलास उठला, पणती बांधली, दोरी मागं आणली आणि खुर्चीत बसला. मी नेम धरला. पणती एकदम शांत, खिळ्याला लावल्यासारखी. डोळे मिटून मारली असती तरी फुटली असती.

"असा नेम कोन मारतं?" जनूभाऊ हळूच म्हणाले.

"हलव ना," मी म्हटलं.

विलासनं दोरी हलवली. पणती यंत्रासारखी वर-खाली व्हायला लागली, एकसारखी. त्यानं झटका दिला, सैल सोडली, दुसऱ्या हातात घेतली, पुन्हा पहिल्या हातात. मी बंदूक खाली केली. तो प्रयत्न करतच होता. मग थांबला, दोरी मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "मला नाय जमत गं तिच्यासारखं." आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागला. हुंदक्यांनी त्याचे खांदे गदगदत होते, मांडीवरची दोरी खाली घसरली.

त्या दिवशी कुणी छर्रा मारला नाही. पायरीवर बसून आम्ही चहा घेतला. म्हणजे ते दोघं बसले, मी कप घेऊन फिरत होते. जाताना जनूभाऊंनी कप खाली ठेवला, तो बशीवर जरा वाजला. त्यांनी आपल्या हाताकडं पाहिलं, मग विलासकडं.

"फुडच्या रविवारी मी धरतो दोरी," म्हणाले. "माजा पन हात हलाय लागलाय हल्ली."