काचेच्या कुपीतला निरोप

प्रयोगशाळेत तिला सगळे घाईबाई म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चहासुद्धा ती उभ्यानेच प्यायची. पण पेशी वाढवाव्यात तर तिनेच! रक्तातल्या मारेकरी पेशी, म्हणजे कर्करोगाच्या गाठीवर तुटून पडणारं शरीराचं सैन्य, तिच्या हाताखाली छान बाळसं धरत.

या सैन्याची खोड एकच. गाठीजवळ पोचलं की मरगळतं. तेलाच्याच जातीचा एक स्निग्ध रेणू त्या पेशींना 'उठा, कामाला लागा' असा निरोप देत असणार, असा प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा अंदाज होता. पण तो घालूनही पेशी ढिम्म. कॅमेऱ्यात बघावं तेव्हा नुसते लोळणारे ठिपके! शेवटी मॅडम वैतागल्या. "शुक्रवारी पुन्हा हेच दिसलं, तर हा विषय बंद."

घाईबाईने पेशींची बशी पटकन जवळ ओढली. लेकरांसारख्या जपलेल्या पेशी त्या!

संध्याकाळी घरी नवरा भांडी घासत कुरकुरत होता. "अगं, काचेची बरणी बघ कशी लख्ख निघाली. आणि हा तुझा प्लास्टिकचा डबा! कितीही घासा, तेल सोडेल तर शपथ!"

पुसायला घेतलेली बरणी तिच्या हातातच राहिली. "अहो, म्हणजे ते प्लास्टिकलाच चिकटून बसतं!"

"मग मी मघापासून काय सांगतोय?"

तिने कपाळावर हात मारला. काचेच्या कुप्या धुण्यात फार वेळ जातो म्हणून तिनेच, कुणाला न विचारता, तो रेणू प्लास्टिकच्या नळ्यांत ठेवायला सुरुवात केली होती. निरोप नळीलाच चिकटून बसला आणि पेशींना मिळालं नुसतं पाणी!

सकाळी खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता ती मॅडमसमोर उभी राहिली. "मॅडम, पेशींचा दोष नाही. माझा आहे." आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडम लालबुंद झाल्या. "इतके महिने, घाईबाई?" मग एकदम खुर्चीतून उठल्याच. "अहो, बघत काय राहिलात? काचेच्या कुप्या काढा!"

शुक्रवारी, रात्रभर टिपलेली चित्रफीत बघायला पडद्यापुढे ही गर्दी! नळीतला रेणू दिलेल्या पेशी अजून लोळतच होत्या. कुपीतला रेणू दिलेल्या पेशींपैकी एक मात्र हलली. सरपटत गाठीच्या पेशीपाशी गेली, तिला बिलगली. गाठीची पेशी फुगली, फुगली आणि फुटली. पाठोपाठ दुसरी. मग तिसरी.

"मेली! मेली!" मॅडम ओरडल्या आणि त्यांनी घाईबाईला मिठीच मारली. आनंदाने तिला रडू फुटलं.

पुढचं बघायला अधीर झालेल्या मॅडम चित्रफीत पळवायला गेल्या. घाईबाईने त्यांचा हात धरला. मग खुर्ची ओढली आणि, कधी नव्हे ती, ऐसपैस बसली.

"थांबा हो मॅडम," ती डोळे पुसत म्हणाली. "पहिल्यापासून लावा. आणि अगदी सावकाश."