बँकेच्या पायरीवरचे बांगडे

नातवंडांना वाटतं, आजी जन्मापासून शहाणी. त्यांनी तेव्हाची मी, ती नुकती बी.कॉम. झालेली बाई, पाहिली नाही, म्हणून.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. रत्नागिरीतल्या एका सहकारी बँकेला ठेव सल्लागार हवी होती, तीही बाईच. गावोगावच्या बायकांना मुंबईहून नवऱ्याच्या मनीऑर्डरी येत, खाडीकाठच्या घरांत मस्कत-दुबईचे ड्राफ्ट. ते पैसे कसे गुंतवावेत हे घरोघरी जाऊन सांगायचं, असं काम. नोकरी लागली तर एवढ्यात स्थळं बघणार नाही, असं वडिलांनी कबूल केलं होतं. मला लग्न नको होतं असं नाही. पण आधी स्वतःच्या पगाराची साडी नेसायची होती.

तयारी काय केली? व्याजाची कोष्टकं पाठ केली, ते ठीक. पण पुण्याच्या मावशीकडे मे महिना काढून तिथलं बोलणंही उचलून आणलं. आपला रत्नागिरीचा हेल गेल्याशिवाय बँकेत मान नाही, ही माझी अक्कल. घरी आल्यावरही रेडिओवर बातम्या दिल्यासारखी बोलायची. आई म्हणायची, "पाहुणीबाई, जेवायला या."

मुलाखत घेणारे मॅनेजर भला माणूस. म्हणाले, "समजा, मी खेड्यातली बाई. नवरा मुंबईला, पैसे तांदळाच्या डब्यात. मला समजवा बघू."

मी पदर सारखा केला. "आपण आपल्या बचतीचा विनियोग मुदत ठेवीत केल्यास ती उत्तरोत्तर वृद्धिंगत होईल."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "बाई उठून चुलीकडे गेली," म्हणाले. मग चहा मागवला, माझ्या मराठीचं कौतुक केलं आणि कळवतो म्हणाले. काय कळवणार ते मला तिथेच कळलं.

बाहेर पायरीशी आमची नेहमीची मासेवाली टोपली घेऊन बसली होती. मला रडू यायच्या ऐवजी राग आला आणि तो तिच्या बांगड्यांवर निघाला.

"बांगडे कालचे नि भाव आजचा होय गो? डोळे बघ त्यांचे. माझी आजी बरी दिसते याहून."

ती हसत सुटली. भाव उतरवला आणि वाट्यावर एक जास्तीचाही टाकला.

वळून बघते तर बँकेचे शिपाईकाका दारात. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "ताई, आत असं का नाही बोललात? साहेब अजून बसलेत. चला, मी सांगतो त्यांना."

कडक इस्त्रीच्या साडीवर पिशवीतून पाणी ठिबकत होतं. बी.कॉम. बाईने साहेबांसमोर मासळीचा वास घेऊन जायचं? काकांनी पिशवी धरायला हातसुद्धा पुढे केला. आणि मी काय बोलावं?

"आता ते प्रशस्त दिसणार नाही."

काका दारातून बाजूला झाले. मी घरी आले, बांगडे तळले. अगदी ताजे होते.

नोकरी जवळच्याच मिरजोळे गावातल्या एका मुलीला लागली. ती आमच्याकडेही आली. चुलीपाशी बसून आईशी बोलता बोलता तिने नारळ खवून दिला, आणि जाताना आईची ठेव घेऊन गेली. मी माजघरातून ऐकत होते. तिचा हेल अगदी आमच्यासारखाच होता.

तोवर माझं लग्न ठरलं होतं. खाटेवर नव्या साड्या पसरल्या होत्या. सुरेख होत्या. सगळ्या वडिलांच्या पैशाच्या.