मिस्त्री शेवट आधी सांगतात

मिस्त्रींना धड गोष्ट सांगता येत नाही, ही त्यांच्या बायकोची चौतीस वर्षांची तक्रार. मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. कुणाच्या लग्नाला जाऊन आले की चपला काढता काढताच सांगून मोकळे व्हायचे, "जेवण बरं होतं, नवरीच्या काकांचा पाय मोडला, आता ठीक आहेत." काका मुळात पडले कुठे आणि कसे, हे काढून घ्यायला तिचा अर्धा तास जायचा. सिनेमाचं तर विचारूच नका. "तो डॉक्टर खुनी आहे," असं सांगून मिस्त्री निवांत शेंगदाणे खात बसायचे.

त्यांचा तरी काय दोष म्हणा! लिफ्ट अडकली की आधी दारावर थाप मारून आतल्या माणसांना सांगायचं, "लिफ्ट पडणार नाही, दहा मिनिटांत बाहेर काढतो." हत्यारांची पिशवी त्यानंतर उघडायची. उगाच कारणं सांगत बसलात तर आतला माणूस भीतीनेच अर्धा होतो. ही सवय मिस्त्रींच्या अंगात इतकी मुरली होती की घरी आल्यावरही निघत नसे.

बायकोला मात्र गोष्टींचं वेड. तिने वाचनालयातल्या कथालेखनाच्या वर्गात नाव घातलं. दर मंगळवारी संध्याकाळी दोन तास. तीन मंगळवार झाले आणि छातीत गाठ निघाली. गाठ काढली, तपासायला पाठवली, रिपोर्ट तीन आठवड्यांनी, शुक्रवारी मिळणार होता. घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिला जिन्याची चढउतार बंद.

"माझी जागा रिकामी राहायला नको," ती म्हणाली. "तुम्ही जा आणि बाई काय शिकवतात ते मला येऊन सांगा."

"अगं, मी?"

"मग काय, शेजारणीला पाठवू?"

मिस्त्री गेले. बाईंनी उपमा शिकवली आणि सगळ्यांना एकेक लिहायला सांगितली. मिस्त्रींनी लिहिलं, 'त्याचा चेहरा त्याच्या भावासारखा होता.' बाई म्हणाल्या, ही उपमा नव्हे. मिस्त्री म्हणाले, "पण तो खरंच तसा दिसतो." अतिशयोक्तीसाठी त्यांनी सहा माणसांच्या लिफ्टमध्ये सात माणसं घातली, आणि तेवढ्यानेही त्यांना अपराधी वाटत होतं.

पुढच्या मंगळवारी उत्कंठा आली. बाई म्हणाल्या, काय होणार ते वाचकापासून लपवून ठेवायचं.

मिस्त्रींनी हात वर केला. "किती वेळ?"

"शेवटपर्यंत."

"आत माणसं असताना?"

वर्ग हसला. मिस्त्री हसले नाहीत. त्यांना उत्तर हवं होतं. घरचा अभ्यास म्हणून त्यांनी गोष्ट लिहिली, 'एक बाई लिफ्टमध्ये अडकली. ती सुखरूप सुटली. आता कशी अडकली ते सांगतो.' बाईंनी खाली लाल शाईने विचारलं होतं, 'मग पुढचं कोण वाचणार?' हे ऐकून बायको इतकी हसली की तिला टाक्यांवर हात धरावा लागला.

"हसू नकोस गं, ताण पडेल," मिस्त्री म्हणाले.

तिने टाक्यांवरचा हात काढला. मग म्हणाली, "शुक्रवारची मला फार भीती वाटते हो."

"मलाही," मिस्त्री म्हणाले.

शुक्रवारी ते एकटेच रिपोर्ट आणायला गेले. परत आले, चपला काढल्या, हातपाय धुतले, पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले. ती टक लावून बघत होती.

"दवाखान्याचा व्हरांडा लांबलचक होता," मिस्त्रींनी सुरुवात केली. "भिंतींना फिकट हिरवा रंग. बाकावर दोन म्हातारे बसलेले. एकाच्या मांडीवर टोपी होती, आणि तो सारखा ती उलटीसुलटी करत होता. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धूत होतं."

सांगणं उत्तम चाललं होतं. वातावरण होतं, पात्रं होती, बाईंनी पाठ थोपटली असती. मिस्त्री खिडकीबाहेर धुतल्या जाणाऱ्या गाडीच्या रंगाकडे वळले.

"अहो," ती हळूच म्हणाली. "वाईट आहे ना?"

मिस्त्रींची गाडी तिथेच थांबली. "तुला कसं कळलं?"

"चांगलं असतं तर तुम्ही जिन्यातूनच ओरडला असता."

मिस्त्रींनी मान हलवली. तिने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "सांगा आता. सगळं सांगा."

"सोमवारी दाखल व्हायचं. मग सहा महिने औषधं. त्रास होईल, डॉक्टर म्हणाले. बऱ्याच जणी बऱ्या होतात, असंही म्हणाले."

"आणि शेवट?"

मिस्त्रींनी हातातला रिपोर्ट उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"तो त्यांनाही ठाऊक नाही गं," ते म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडायला लागले. ती भिंतीकडे सरकली आणि तिने त्यांना पलंगावर जागा करून दिली.