बुरुजाखालचा शिपाई

त्या बुरुजाखालून माणूस बाहेर काढला, तो दिवस माझ्या मनातून अजून गेलेला नाही. महायुद्धाचा काळ होता. सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका ठाण्याचा मी फौजदार होतो. रजेवर आलेला एक जवान पलटणीत परतला नाही, म्हणून त्याला फरारी ठरवून पकडण्याचा हुकूम आला. त्याचा थोरला भाऊ म्हणाला, "रहिमतपूरला गाडीत बसवून आलो." गाव जवानाच्या बायकोला टोचून बोलू लागला. ती सरळ ठाण्यात आली, पदराखालचे लष्करी बूट काढून म्हणाली, "आवं सायेब, पलटणीचा माणूस बूट घरी ठेवून जाईल व्हय?"

गावाबाहेर नदीच्या वळणावर बहामनी काळातला भुईकोट होता. पुढे तो आदिलशाहीत गेला, मग मराठ्यांनी घेतला. शेवटच्या किल्लेदाराने नदीकडच्या बुरुजात सोने पुरले, असे सगळा गाव मानत असे. एका नावाड्याने आमच्या हवालदाराला खबर दिली, "बुरूज ढासळलाय. पूर न्हाई, पाऊस न्हाई." जाऊन पाहिले, तर पडझडीवर ताजी माती लोटून काटेरी फांद्या टाकलेल्या.

थोरल्याला बोलावले. हात उगारला नाही. गाडीत गर्दी होती का, धाकट्याच्या अंगावर काय होते, असे साधेच विचारत गेलो.

"पायात?"

"बूट हुते की, सायेब."

मी बूट टेबलावर ठेवले. तो खाली बसला.

"आमी दोघंच खणत हुतो. त्यो आत शिरला, अन् वरनं दगूड बसला. हाका मारत हुता."

"मग माणसं का नाही बोलावलीस?"

"समद्यास्नी सोनं कळलं असतं. म्हटलं, माजं मी काढीन."

"काढलंस?"

"दुसऱ्या दिशी हाक आली न्हाई."

पंचांसमक्ष ढिगारा उपसला. प्रेताच्या पलीकडे धान्याचे जुने अंबार निघाले. आत काळी पडलेली ज्वारी होती, वेढ्यासाठी साठवलेली. सोन्याचा कण नव्हता.

प्रेताशी जवानाची बायको एकटीच बसली होती. गाव भगदाडाशी वाकून विचारत होता, "सायेब, आत काय घावलं?"

खून करायला काळीज काळे लागते, असे मी तोवर समजत होतो. हा माणूस भावावर जीव लावणारा होता. त्याने फक्त एक हाक दिली नाही. धाकट्याच्या नावावरचा फरारीचा शिक्का मी पलटणीला लिहून पुसून घेतला. थोरल्याला शिक्षा झाली.

खटला अजून चालू होता, तेव्हाच दुसऱ्या बुरुजाखाली कुदळीचे ताजे घाव दिसले.